समान अंतर

१

लोकांच्या स्लाइड्स सरळ करणं हा माझा धंदा आहे. माझ्या मावशीला अजूनही वाटतं की मी कुठेतरी टायपिंग करते. वाटू दे. पण एखाद्या मोठ्या कंपनीने स्वतः बनवलेली स्लाइड कधी नीट बघा. मथळा एकीकडे, फोटो दुसरीकडे, बाणांची टोकं हवेत आणि चार चौकोनांपैकी एक केसभर वर. कुणालाच दिसत नाही तो केसभर. मला दिसतो आणि डोकं फिरतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी सगळं सामान स्लाइडच्या बाहेर काढायचं. स्लाइडच्या चौकटीभोवती करड्या रंगाची मोकळी जागा असते, तिथे फोटो, चौकोन, मजकूर सगळं ओतायचं. मग एकेक वस्तू आत आणायची, ओळीत मांडायची, सगळ्या निवडायच्या आणि ‘समान अंतर’ म्हणायचं. पुढचं काम कॉम्प्युटर करतो. सगळ्यांना सारखी जागा वाटून देतो, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. माणसांच्या जगात हे बटण नाही, म्हणून मला ते फार आवडतं.

यात आमच्या धंद्यातला प्रत्येक जण एक चूक करतोच. एखादी बिनरंगाची, बिनरेघांची चौकट पडून राहिलेली असते. दिसत नाही, पण ‘सगळं निवडा’ म्हटलं की तीही निवडली जाते, आणि वाटणीत तिलाही जागा मिळते. मग ओळीत मधेच खिंडार पडतं. नवा माणूस तासभर डोकं आपटतो. मी दोन मिनिटांत ती चौकट शोधते आणि उडवते.

बाबा निवृत्त होणार होते. आयुष्यभर लिफ्टच्या एकाच कंपनीत, आधी मेकॅनिक आणि मग फोरमन. त्या कंपनीच्या स्लाइड्स मीच करते, त्यामुळे त्यांच्या साहेबांचा फोन आला.

“बाबांच्या निरोप समारंभाचं प्रेझेंटेशन तुम्हीच करायचं. घरचंच कार्य आहे.”

या साहेबांना मी मनातल्या मनात ‘गुळगुळीत’ म्हणते. प्रत्येक स्लाइड बघून ते एकच वाक्य बोलतात, जरा गुळगुळीत करा. फोटो आम्ही पाठवतो म्हणाले, मोठे ग्राहक येणार आहेत म्हणाले, आणि शेवटच्या स्लाइडवर बाबांचा एकट्याचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘अपघात : शून्य’ हवं म्हणाले. म्हणजे निरोप माझ्या बाबांना आणि पाठ थोपटून घ्यायची यांनी. मी दात-ओठ खात ‘बरं’ म्हटलं.

२

फोटो आले. पहिल्याच स्लाइडवर पाच मांडले, जुन्यापासून नव्यापर्यंत. सगळे निवडले, समान अंतर दिलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोच्या मधे खिंडार पडलं.

बरोबर एका फोटोएवढं. मी हसले, राहिली असेल कुठली तरी चौकट. शोधली, पण नव्हती. करड्या जागेत नव्हती, फोटोंच्या मागे नव्हती. नवी स्लाइड घेतली, तेच झालं. नवी फाइल घेतली, तरी तेच. पाच फोटोंची सहा जणांत वाटणी होत होती.

मग मी शहाण्या माणसासारखं वागले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चष्मा पुसला. खालच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली. तो म्हणाला, “ताई, इथे एक फोटो राहिलाय तुमचा.” मी त्याच्यावर उगाचच खेकसले. शेवटी पाचही फोटो हाताने हलवून जवळ आणले, फाइल साठवली आणि चहा प्यायला गेले. परत येऊन बघते तर खिंडार जागच्या जागी होतं.

संताप संताप झाला. आठ-दहा स्लाइड्स, आणि प्रत्येकीत तेच. मग कधीतरी लक्षात आलं की खिंडार वाटेल तिथे पडत नाही. ज्या फोटोत बाबा उजव्या कडेला उभे आहेत, त्याच्या उजवीकडेच पडतं.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. बाबा तरुण, मिशीवाले, पुढ्यात हत्यारांची पेटी. आणि पेटीवर टेकलेलं एक कोपर. फक्त कोपर, दुमडलेल्या खाकी बाहीसकट. त्यापुढे फोटो संपत होता. दुसरे जुने फोटो पाहिले. सगळेच कापलेले होते. एकात बुटाचं टोक, एकात पाना धरलेली अर्धी मूठ.

कोपर कुणाचं ते मला लगेच कळलं. पार्टनरकाकांचं.

लिफ्टचं काम कधी एकट्याने करत नाहीत. एक जण वर मशीनच्या खोलीत, दुसरा खाली लिफ्टच्या विहिरीत. बाबा वर असायचे आणि काका खाली. बाबा त्यांना ‘पार्टनर’ म्हणायचे, म्हणून आम्ही पोरं पार्टनरकाका. विहिरीत उतरलेला माणूस लोखंडी रुळावर पान्याने दोनदा ठोकतो. ठक ठक. म्हणजे, मी आत आहे, हलवू नकोस. वरचा एकदा ठोकतो. ठक. म्हणजे समजलं. हे उत्तर दिल्याशिवाय वरच्याने बटणाला हात लावायचा नाही. काका आमच्याकडे जेवायला आले की ताटाशेजारी बोटाने दोनदा ठोकायचे आणि मी एकदा ठोकायचे. मग ते म्हणायचे, “आता भीती नाही. आता वाढा.”

मी शाळेत होते तेव्हा ते गेले. पडले, एवढंच सांगितलं होतं घरी.

३

त्या दिवशी दुपारीच मी आईबाबांकडे गेले. बाबा सोफ्याच्या एका टोकाला बसले होते, नेहमीसारखे. अख्खा सोफा मोकळा असला तरी ते टोकालाच बसतात. इतकी वर्षं मी ते बघत आले आणि कधी विचारलं नव्हतं.

“फोटो कुणी कापले, बाबा?”

“कंपनीने.”

“का?”

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी टीव्हीच बंद केला. माझा राग नाकावर असतो हे त्यांना माहीत आहे, तरी ते बंद टीव्हीकडेच बघत राहिले. शेवटी आईच स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

“सांगून टाका हो तिला. नाहीतर मी सांगते.” आणि तिनेच सांगितलं. “तुझे ते साहेब तेव्हा साधे सुपरवायझर होते. काका खाली विहिरीत, हे वर. साहेबांनी यांना दुसऱ्या इमारतीत पिटाळलं, काहीतरी अडलं म्हणून. हे म्हणाले, खाली पार्टनर आहे. साहेब म्हणाले, मी आहे ना वर, तू जा. आणि मग कोणी बडा पाहुणा आला म्हणून त्यांनीच लिफ्ट चालू केली.”

“आणि काकांनी ठोकलं नाही?”

“ठोकलं असेल. ठोकल्याशिवाय तो राहिलाय का कधी?” आई म्हणाली. “उत्तर द्यायला हे नव्हते.”

“पुढे?”

“पुढे काय. काका त्या दिवशी सुट्टीवर होते, आपणहून आत शिरले, असं ठरलं. चौकशीत यांना विचारलं. हे हो म्हणाले.”

तळपायाची आग मस्तकात गेली. “तुम्ही हो म्हणालात, बाबा?”

“तू लहान होतीस,” बाबा म्हणाले.

“माझ्यावर ढकलू नका हं! मी नव्हतं सांगितलं खोटं बोलायला.”

ते टोकाला आणखी आकसून बसले. मला त्यांच्या त्या हो म्हणण्याची चीड आली, त्यांच्या टोकाला बसण्याची आली, आणि ज्या फोरमनकीचं आम्ही सगळ्यांना कौतुक सांगत फिरलो तिचीही आली. इतकं चिडूनही मला त्यांना पोटाशी धरावंसं वाटत होतं, म्हणून आणखीच चिडले.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. ठक ठक.

“शेजारी फरशीचं काम चाललंय,” आई घाईने म्हणाली.

बाबांचा उजवा हात मांडीवरून वर उठला होता. एक बोट दुमडून टेबलाच्या दिशेने गेला आणि वाटेतच थांबला. मग त्यांनी तो परत मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला.

जाताना मी शेजारचं दार बघितलं. कुलूप होतं.

४

आईने कपाटातून न कापलेला फोटो काढून दिला. काका त्यात हसताहेत, कोपर पेटीवर, अख्खे. मी तो पहिल्या स्लाइडवर टाकला आणि समान अंतर दिलं. सहा फोटो एका दमात ओळीत बसले, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. शेवटची स्लाइड सोडून बाकी फाइल मी साहेबांना पाठवून दिली.

तासाभरात बोलावणं आलं.

साहेबांची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या दारासमोर. टेबलावर एक कागद नाही, एक डाग नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

“हे जरा गुळगुळीत करा. हा माणूस काढा.”

“का?”

“कारण त्याचा या कार्यक्रमाशी संबंध नाही. तो त्या दिवशी कामावर नव्हताच.”

“कुठल्या दिवशी?” मी विचारलं. “मी दिवसाचं नावही काढलेलं नाही, साहेब.”

त्यांच्या कानाची पाळी लाल झाली. आवाज मात्र तसाच, लोण्यासारखा. “बाबांची बरीच कागदपत्रं अजून माझ्या सहीसाठी थांबली आहेत. त्यांनी इतकी वर्षं समंजसपणा दाखवला. तुम्हीही दाखवा.”

मला त्यांचा तो चकचकीत स्क्रीन उचलून आपटावासा वाटला. आपटला नाही. घरी येऊन काकांचा फोटो काढून टाकला. का काढला? बाबांसाठी. बाबांनीही तेव्हा असंच काहीतरी म्हणून मान हलवली असणार. हा विचार मनात आला आणि मला माझीच किळस आली.

खिंडार परत आलं, या वेळी जरा जास्त रुंद. आता ते लपवायचा मी प्रयत्नच केला नाही.

शेवटची स्लाइड तेवढी राहिली होती. बाबांचा एकट्याचा अलीकडचा फोटो, खाली ‘अपघात : शून्य’. एकच वस्तू. वाटणी करायला दुसरं कुणी नाही. मी फोटो निवडला आणि ‘मधोमध’ म्हटलं.

फोटो डावीकडे सरकला.

परत म्हटलं, पण तो हलला नाही. कॉम्प्युटरचं म्हणणं होतं की तो मधोमधच आहे. आकडे मधोमधचे दाखवत होता, मधली रेघ मधोमध दाखवत होता. डोळ्यांना मात्र सरळ दिसत होतं की बाबा डावीकडे सरकून उभे आहेत आणि उजवीकडे बरोबर एका माणसाची जागा मोकळी आहे. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खाली झेरॉक्सवाल्याचं मशीन चालू होतं, आणि मला खुर्चीवरून उठायची हिंमत होत नव्हती. मागे वळून बघावं लागलं असतं.

५

कार्यक्रम सकाळचा होता. सभागृह भरलेलं, पडदे ओढलेले, मधल्या वाटेत टेबलावर प्रोजेक्टर आणि त्याच्याशेजारी मी. बाबा मंचावर, नव्या शर्टात आखडून बसलेले. साहेब माइकवर. त्यांनी बाबांचं इतकं कौतुक केलं की ऐकणाऱ्याला ओकारी यावी.

पहिली स्लाइड आली. पाच फोटो, मधे पांढरं खिंडार. आणि त्या पांढऱ्या उजेडात कुणाची तरी सावली पडली. डोकं, खांदे आणि कशावर तरी टेकलेलं कोपर. पुढच्या रांगेतला कोणीतरी नेमका आत्ता उठून उभा राहिला होता. आधीच माझं डोकं तापलेलं.

“अहो, खाली बसा ना!” मी ओरडले. “मागच्यांना दिसत नाही!”

पुढची अख्खी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. सगळे बसलेले होते. प्रोजेक्टर आणि पडदा यांच्यामधे कोणीही उभं नव्हतं.

“आमच्या फोरमनची लेक जरा रागीट आहे,” साहेब हसून म्हणाले. लोकही हसले. मी बटण दाबलं. दुसरी स्लाइड, तिसरी. दर स्लाइडला सावली बाबांच्या फोटोशेजारच्या त्या जागेत होती. भिंगावर कचरा आहे का ते मी बघितलं, बोट फिरवलं. भिंग स्वच्छ होतं. माझ्या बोटाची सावली पडद्यावरून फिरून गेली आणि दुसरी सावली तिथेच राहिली. लोकांना ती दिसत होती की नाही, मला आजही माहीत नाही. बाबांना दिसत होती. ते पडद्याकडे मान वळवून बसले होते आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता.

शेवटची स्लाइड. ‘अपघात : शून्य’. साहेबांनी टाळ्या मागितल्या आणि मिळाल्या. बाबांना माइकवर बोलावलं.

बाबा उठले आणि चालत प्रोजेक्टरच्या झोतात आले. त्यांची सावली पडद्यावर पडली. ते थोडे थांबले, बाजूला बघितलं, आणि अर्धं पाऊल डावीकडे सरकले. गर्दीत आपण कुणाला जागा देतो तसे.

पडद्यावर दोन सावल्या होत्या.

टाळ्या विरल्या. पडद्याच्या मागून, भिंतीच्या आतून, आवाज आला. ठक ठक.

द्या ना उत्तर, बाबा. आता तरी द्या. मी बहुतेक मोठ्याने म्हणाले.

बाबांनी बोट दुमडलं आणि समोरच्या लाकडी स्टँडवर एकदा ठोकलं. ठक. माइकमुळे तो आवाज अख्ख्या सभागृहात गेला.

“शून्य नाही,” बाबा म्हणाले. “एक. माझा पार्टनर. तो त्या दिवशी सुट्टीवर होता असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. तो आत होता. लिफ्ट कुणी चालू केली, ते इथे बसलेल्या साहेबांना...”

माइक बंद पडला. पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं होतं, आणि मागच्यांना पुढच्यांनी सांगितलं. साहेब घाम पुसत खुर्चीत बसले होते. मी पडद्याकडे पाहिलं तेव्हा तिथे एकच सावली होती, बाबांची. दुसरी कुठे गेली ते मी बघितलं नाही. साहेबांच्या शेजारची खुर्ची तेवढी करकरली, कोणी बसताना करकरते तशी.

६

बाबा आता सोफ्याच्या मधोमध बसतात. आई म्हणते, “अहो, जरा सरका, मलाही बसू दे.” कागदपत्रांवरची सही अडकलीच आहे. बाबा म्हणतात, अडकू दे. मला वाटलं होतं ते खचतील, पण जेवतात नीट, झोपतात नीट.

फाइल मी उघडून बघितली. बाबांचा फोटो मधोमध आहे, आकड्यांतही आणि डोळ्यांनाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांकडून काम आलं. लाज नावाची चीज माणसात असावी लागते. ग्राहकांचा ‘गैरसमज’ दूर करायला नवीन प्रेझेंटेशन हवं होतं, आणि त्यांच्या स्लाइड्सचा साचा फक्त माझ्याकडे. मी सरळ नाही म्हणणार होते. मग बघितलं, पहिल्या स्लाइडवर साहेबांचा एकट्याचा फोटो हवाय. मी काम घेतलं.

फोटो टाकला, निवडला. ‘मधोमध’ म्हटलं.

मी ती फाइल तशीच पाठवली.

लगेच फोन आला. या वेळी आवाजात लोणी नव्हतं. “हे काय केलंय? मी असा कोपऱ्यात का? शेजारी एवढी मोकळी जागा कुणासाठी सोडलीत?”

“मधोमधच आहात तुम्ही, साहेब. आकडे तपासून बघा.”

“मला शिकवू नका! डोळे आहेत मला! इथे सरळ सरळ अजून एक...” ते थांबले. त्यांच्या मागे आवाज आला होता. त्यांच्या खोलीसमोरच लिफ्टचं दार आहे. मला फोनवरसुद्धा स्पष्ट ऐकू आला. ठक ठक.

“आठवडा झाला,” ते म्हणाले. “कुणीतरी सारखं ठोकतंय. माणसं पाठवून बघितलं, आत कोणी नसतं. तुमच्या बाबांना विचारा ना जरा, काय असतं हे?”

अख्खं आयुष्य लिफ्टच्या कंपनीत काढलेला माणूस मला हे विचारत होता.

एकदा ठोकून उत्तर द्यायचं असतं. एवढंच असतं. मला ते शाळेत असल्यापासून माहीत होतं. आवाज परत आला, आता जवळून. ठक ठक.

मी त्यांना काही सांगितलं नाही. फोन ठेवला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी स्लाइड्स सरळ करायला घेतल्या.